प्रॉक्सी

कोरडेवाडीच्या माळावर त्या माणसाला मारणारे पाच-सहाच जण होते. बघणारे हजारभर होते आणि त्यांत मीही होते. कुणीतरी छकड्याचं मोडकं जू उचलून त्याच्या पाठीत घातलं. तो गुडघ्यांवर बसला. मग लाथा सुरू झाल्या. तोंडातून रक्त येत होतं तरी तो एकच सांगत होता, "दात बघा बैलाचं, आदी दात बघा." बैलाचं वय दातांवरून कळतं, पण दात बघायला कुणालाच सवड नव्हती.

गुन्हा असा की लहान वयाच्या बैलांच्या गटात त्यानं मोठा बैल दुसऱ्याच बैलाच्या नावावर पळवला म्हणे. आमच्या विटा-आटपाडीकडे अशा बैलाला लोक सरळ 'प्रॉक्सी बैल' म्हणायला लागले होते. कॉलेजात एकाच्या हजेरीला दुसरा 'यस सर' म्हणतो, तिथून तो शब्द माळावर आला आणि रुळला. शाळेचं तोंड न बघितलेला म्हातारासुद्धा 'प्रॉक्सी' म्हटलं की कान टवकारायचा. शर्यतींवरची बंदी नुकती उठली होती आणि माणसं इतक्या वर्षांची उपाशी होती. आईवरून दिलेली शिवी त्यांनी एक वेळ पोटात घातली असती, प्रॉक्सी म्हटलेलं नाही.

मी टेंपोच्या हौद्यात कॉम्प्युटरपुढे बसले होते. विट्यात आमचा छोटा स्टुडिओ आहे. धनाजी, म्हणजे माझा नवरा, कॅमेरा धरतो आणि एडिटिंग मी करते. लग्नं, बारशी, वास्तुशांती करता करता आम्ही मैदानांची कामं घ्यायला लागलो. शर्यतीला आमच्याकडे मैदान म्हणतात. तिथं आमचं काम शेवटच्या रेषेवर. दोन छकडे बरोबरीनं आले की रेषेवरचा तेवढा तुकडा सावकाश करून मोठ्या पडद्यावर दाखवायचा. कुणाच्या बैलाचं नाक आधी रेषेला लागलं ते बघून पंच निकाल देणार. म्हणजे निकाल पंचांचा आणि शिव्या आमच्या.

मारामारी वाढत चालली तसा माझा धाकटा भाऊ हणमंत गर्दीत घुसला. हणमंत गाडीवान होता. छकड्यावर उभा राहून जोडी पळवण्यात आमच्या भागात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यानं कासरा टाकला आणि त्या पडलेल्या माणसावर सरळ आडवा झाला. दोन लाथा त्यालाही बसल्या.

"ह्यो मेला तर शर्यती परत बंद पडत्याल," तो खालून ओरडला. "मग बसा कोर्टाची पायरी झिजवत."

माणसाच्या जिवापेक्षा हे कारण लोकांना पटलं. लाथा थांबल्या.

हणमंत फाटका सदरा झटकत टेंपोपाशी आला. त्याच्या कानामागून रक्त येत होतं. मी पदरानं पुसायला लागले तर त्यानं हात बाजूला केला.

"माझं सोड. तुझा डबा चालू हाय का गेला?"

डबा म्हणजे माझा कॉम्प्युटर. तो गेला होता. पडद्यावर मघापासून एकच चित्र गोठलेलं होतं. ते हलेपर्यंत पंचांनी नुसत्या नजरेनं निकाल देऊन टाकला होता, आणि हरलेले लोक आता आमच्या टेंपोकडे बघत होते. धनाजीनं इंजिन चालू केलं.

वाटेत हणमंत माझ्याशेजारी हौद्यात बसला. आई गेली तेव्हा तो पहिलीत होता आणि मी नववीत. त्याला मीच वाढवला. मी सांगितलं रात्र तर त्याला रात्र, मी सांगितलं दिवस तर दिवस. एकदा चिंचोका गिळला म्हणून रडत आला, तर मी गमतीनं म्हटलं की आता पोटात झाड येणार. त्या झाडाला पाणी मिळू नये म्हणून गडी तहान मारून बसायला लागला. शेवटी धरून पाजावं लागलं. असला हा भाऊ, आणि माळावर बैलांच्या दोन जोड्या एका हातानं आवरायचा.

"आक्का, त्यो डबा बदल," तो म्हणाला. "न्हायतर एक दिवस त्याच्यापायी मार खाशीला."

नंतरच्या आठवड्यात आम्ही तिघं सांगलीला नेमिनाथ चौगुल्यांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. हणमंताला बैलांचं औषध घ्यायचं होतं, तेवढ्या निमित्तानं तो आला. खरं म्हणजे माझी आणि धनाजीची जुंपणार हे त्याला ठाऊक होतं आणि ती मजा त्याला चुकवायची नव्हती.

दुखणं साधं होतं. कॅमेरा आम्ही नवा घेतला होता. तो चित्र सुंदर काढायचा, सेकंदाला ढीगभर काढायचा, आणि ती सगळी चित्रं आवळून एका लहान गाठोड्यात बांधायचा. ती गाठ सोडवून एकेक चित्र दाखवायचं काम कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचं. आमचा प्रोसेसर म्हातारा. त्याला ती गाठ सुटायची नाही, मग चित्र अडकायचं, आणि मी माउस आपटायची.

"प्रोसेसर बदलायचा," मी नेमिनाथला सांगितलं. "त्याच्याबरोबर मदरबोर्ड आणि रॅम आलीच."

"ग्राफिक्स कार्ड टाकायचं," धनाजी म्हणाला.

"दोन्ही करा की," नेमिनाथ हसून म्हणाला. धनाजीच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं हसू आवरलं. दोन्हीपैकी एकच होणार होतं.

"काय होतंय साहेब, वैनी म्हणत्यात ते खरं हाय," तो म्हणाला. "तुमच्या कॅमेऱ्याची फाइल ह्या कार्डाला उघडायलाच येत न्हाई. फाइल पुढंमागं करून बघायची तर प्रोसेसरच पायजे. पण तयार झालेला व्हिडिओ बाहेर काढायला कार्ड लई जोरात. रात्रभर लागतंय ते चहा पिईस्तोवर हुईल."

"तेच म्हणतोय मी," धनाजी माझ्याकडे वळला. "मे महिन्यात नवरीची आई दारात येऊन बसते, कॅसेट कुठाय म्हणून. तिला काय सांगायचं, प्रोसेसर बघा? घर लग्नांवर चालतंय, मैदानांवर नाही."

"लग्नात चार दिवस उशीर झाला तर नवरीची आई फुगते," मी म्हटलं. "मैदानात चार मिनिटं उशीर झाला तर डोकी फुटतात. कोरडेवाडीला लोक आपल्या टेंपोकडे कसे बघत होते ते आठवत नाही?"

हणमंत स्टुलावर बसून एका डब्यात फिरणारे रंगीत दिवे बघत होता. तो तिथूनच म्हणाला, "दाजी, एका बैलाला सरकी-पेंड चारा आन दुसऱ्याला वाळका कडबा. छकडा कुठं जाईल सांगा."

"कुठं?"

"वड्यात."

नेमिनाथ मोठ्यानं हसला. धनाजीला ते झोंबलं. "तू बहिणीच्याच बाजूनं बोलणार," तो म्हणाला, आणि कार्ड घेऊन टाकलं. त्याला तीन पंखे होते आणि आत दिवे होते, ते निळ्याचे जांभळे आणि जांभळ्याचे लाल व्हायचे.

धनाजी मूर्ख नव्हता. त्याचा हिशोब घरापुरता बरोबर होता आणि हे मी आजही म्हणते. लग्नांची कामं खरोखर झपाझप हातावेगळी व्हायला लागली. मैदानासाठीही त्यानं तोड काढली. कॅमेऱ्यात एक सोय होती. तो एकाच वेळी दोन फाइली लिहायचा, एक मोठी, खरी, आणि एक छोटी, हलकी. छोटीत चित्रं धूसर आणि कमी. मोठीत जिथं चार चित्रं, तिथं छोटीत एक. पण ती आमच्या जुन्या डब्यातही लोण्यासारखी चालायची. कामाला छोटी वापरायची, शेवटी मोठी जोडायची. सगळे एडिटर असंच करतात. त्या छोट्या फाइलीला सॉफ्टवेअरमध्ये नाव आहे 'प्रॉक्सी'.

हणमंतानं ते बटण बघितलं आणि हसत सुटला. "आक्का, माळावर ह्ये नाव तोंडातनं काढू नगंस."

"छोटी फाइल म्हणत जाऊ," धनाजी म्हणाला. पण दिवसातून शंभर वेळा तेच बटण दाबणाऱ्या माणसाच्या तोंडी दुसरं नाव बसत नाही.

हंगामातलं शेवटचं मोठं मैदान रेवणमाळावर होतं. पहिल्या नंबराला ट्रॅक्टर. फायनलला दोनच जोड्यांची चर्चा. एक बाजीअण्णांची. त्यांचा खडी क्रशर होता, माणसं त्यांना बघून रस्ता बदलायची, आणि त्यांचा पांढरा बैल 'सरदार' त्यांना पोटच्या पोरापेक्षा प्यारा. दुसरी पांढरेवस्तीच्या शिदूतात्यांची. त्यांच्याकडे पैसा कमी आणि भाऊबंद जास्त. त्यांचा बैल काळा. बाजीअण्णांच्या छकड्यावर हणमंत उभा राहणार होता.

मी टेंपोत तारा जोडत होते तेव्हा बाजीअण्णा त्याला घेऊन आमच्यासमोरून गेले. त्यांनी हणमंताच्या मानेवर हात ठेवला होता, लाडानं ठेवावा तसा, पण बोटं रुतली होती.

"आज हारलास तर गोठ्याकडं फिरकायचं न्हाई," ते म्हणाले. "आन गावात ऱ्हायचं का न्हाई ते मी ठरवीन."

"बैलाला सांगा की अण्णा," हणमंत म्हणाला. "मी पळत न्हाई, त्यो पळतोय."

अण्णा हसले नाहीत. पांढरेवस्तीची पोरं पलीकडे जमली होती आणि त्यांतल्या कितीतरी जणांच्या हातात शिवळा होत्या. शिवळ म्हणजे जुवाला लावायची लाकडी खुंटी, मनगटाएवढी जाड. त्या पोरांच्या आसपास बैल कुठंच नव्हता. ट्रॅक्टर कुणी का नेईना, माझा भाऊ धड घरी यावा एवढंच मला हवं होतं.

फायनल सुटली. धुळीतून दोन छकडे आले ते जणू एकाच जुवाला जुंपलेले. रेषेवर पांढरं डोकं आणि काळं डोकं आलटून पालटून पुढं येत होतं. मैदानातल्या एकालाही छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं की आधी कोण. छकडे पुढं जाऊन थांबले. मला लांबून हणमंत दिसला. तो छकड्यावरून उतरला होता आणि मान खाली घालून जुवाचे पट्टे सोडत होता. गोंधळ चालू असताना तो जोडी सोडायला लागला याचं मला नवल वाटलं, पण विचार करायला वेळ नव्हता. धनाजी कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड घेऊन पळत आला.

मी मोठी फाइल उघडायला घेतली. स्क्रीनवर थांबायला सांगणारं चक्र गोल फिरायला लागलं. पंच टेंपोला चिकटून उभे, त्यांच्यामागे गर्दी, आणि गर्दीच्या रेट्यानं टेंपो हलत होता.

"वैनी, दाखवा की," गुलाबभाई मुलाणी म्हणाले. ते मैदानाचे निवेदक, गोड गळ्याचे, भला माणूस. माइक त्यांच्या हातात. "पब्लिक लई तापलंय."

"दोन मिनिटं द्या, भाई."

"दोन मिनिटात हितं मढी पडत्याल," एक पंच म्हणाला. "काय हाय ते लाव."

धनाजीनं माझ्या खांद्यावरून हात घातला आणि छोटीचं बटण दाबलं. मोठ्या पडद्यावर चित्र उमटलं. धूसर, पण रेषा दिसत होती आणि रेषेवर पांढऱ्या बैलाचं नाक होतं. काळा वीतभर मागं. पंचांनी हात वर केले. गुलाबभाईंचा आवाज सगळ्या कर्ण्यांतून घुमला, "पहिल्या नंबराचा मानकरी, सरदार." गुलाल उडाला. बाजीअण्णांच्या माणसांनी हणमंताला उचललं. तो त्यांच्या खांद्यांवरून पडद्याकडे बघत राहिला, मग टेंपोकडे, आणि मग त्यानं मला हात केला. तोंडभर हसला.

मला मात्र ते चित्र खुपत होतं. मधली चित्रं गळलेली होती. चारातलं एक आम्ही बघत होतो, आणि उरलेल्या तिनांत काय होतं ते त्या गोल फिरणाऱ्या फाइलीत. मी गुलाबभाईंची बाही ओढली.

"भाई, थांबा," मी म्हटलं. "हे प्रॉक्सी आहे. ओरिजिनल नाही."

माइक चालू होता.

माझाच आवाज मला माळाच्या चारी कोपऱ्यांतून परत ऐकू आला. 'हे प्रॉक्सी आहे. ओरिजिनल नाही.' सनई-हलगी थांबली. गुलाबभाईंनी माइकवर हात ठेवला, पण बाण सुटून गेला होता. मी त्यांच्या हाताखालून ओरडत होते, फाइल, फाइल म्हणते मी, बैल नव्हे. ते फक्त गुलाबभाईंना ऐकू गेलं.

"बैल प्रॉक्सी हाय," पलीकडून कुणीतरी म्हणालं.

"व्हिडिओ बी प्रॉक्सी हाय."

"गाडीवान तिचा सख्खा भाऊ हाय. भाऊ-बहिणीनं मिळून केलंय."

चोर सोडून संन्याशाला फाशी कशी देतात ते मी त्या दिवशी बघितलं. पांढरेवस्तीची पोरं आली ती सरळ हणमंतावर. खांद्यांवरून तो खाली आला तो डोक्यावर. पहिली शिवळ त्याच्या दंडावर बसली आणि तो हात लगेच लोंबायला लागला. बाजीअण्णांची माणसं मध्ये पडली, पण हणमंतासाठी नव्हे, सरदारला वाचवायला. बैलाभोवती कडं झालं. माझ्या भावाभोवती कुणी नव्हतं. तो उठायचा, पाडला जायचा, परत उठायचा. एकानं त्याचे केस धरून तोंड मातीत घासलं.

धनाजी उडी मारून तिकडे पळाला. वाटेतच त्याची कॉलर कुणीतरी धरली, टेंपोच्या फाळक्यावर त्याचं तोंड आपटलं आणि हातातला कॅमेरा हिसकून दगडावर फोडला. तो धावून गेला तर त्याच कॅमेऱ्याचा सांगाडा त्यांनी त्याच्या बोटांवर मारला. दोन दगड आत आले. एकानं माझी खुर्ची मोडली, दुसरा माझ्या खुब्याला लागला.

मी हौद्यातच बसून राहिले. आई असती तर म्हणाली असती, तुझं काळीज दगडाचं आहे. पण त्या गर्दीत मी गेले असते तर एक मार खाणारी वाढली असती, एवढंच. ती पोरं फक्त एका गोष्टीनं थांबणार होती, आणि ती गोष्ट माझ्यासमोर गोल फिरत होती. कार्डाचे तिन्ही पंखे जोरात सुटले होते. दिवे निळ्याचे जांभळे होत होते. कामाचं काहीच होत नव्हतं. मी त्या डब्याला शिव्या दिल्या, धनाजीला दिल्या, हंगामातल्या सगळ्या नवरीमुलींना आणि त्यांच्या आयांना दिल्या. बाहेरून हणमंताचा आवाज येत होता. मग तो यायचा थांबला, ते जास्त वाईट होतं.

फाइल उघडली. मी एकेक चित्र सरकवलं. मघाशी दाखवलं तेच चित्र आधी आलं, पण धूसरपणात रेषेवर वाटलेलं पांढरं नाक खरं तर रेषेच्या अलीकडे होतं, काळं त्याच्या मागं. पुढचं चित्र, पांढऱ्यानं मान वर घेतली. पुढचं, काळ्यानं मान लांबवली. त्याच्या पुढच्यात काळं नाक रेषेला लागलेलं होतं आणि पांढरं अजून अलीकडेच होतं. चित्र इतकं स्वच्छ होतं की काळ्याच्या नाकपुडीवरचा फेस मोजता आला असता.

शिदूतात्या जिंकले होते.

माझा हात थांबला. हे दाखवलं तर आपण लबाडी केली यावर शिक्कामोर्तब. नाही दाखवलं तर ते त्याला मारतच राहणार. दाखवलं आणि बाजीअण्णा चिडले तर? पण बाजीअण्णा नंतरचे होते आणि शिवळा आत्ता पडत होत्या. मी चित्र पडद्यावर टाकलं आणि गुलाबभाईंच्या हातातून माइक ओढून घेतला.

"शिदूतात्या, पडद्याकडे बघा. तुमचा बैल जिंकलाय. पहिला नंबर तुमचा. माझ्या भावाला सोडा."

ते मला तीन वेळा म्हणावं लागलं. तिसऱ्यांदा माझा आवाज फाटला होता. एकेक मान पडद्याकडे वळली. शिवळा खाली आल्या. शिदूतात्या तोंड उघडं ठेवून बघत होते, मग त्यांनी दोन्ही हात वर केले. अशी आरोळी उठली की बैल बुजले. जी पोरं आत्तापर्यंत हणमंताला मारत होती ती नाचत त्यांच्या काळ्या बैलाकडे पळाली. काही हणमंताला वळसा घालून गेली, काही त्याच्यावरून. एकाच्या चपलेचा ठसा नंतर त्याच्या छातीवर उमटला होता.

मी खाली उतरले. हणमंत कोपरावर उठून बसत होता. दात पडले होते, हात मोडला होता, पण तो बसत होता. मला वाटलं, सुटला.

तेवढ्यात बाजीअण्णा आले. चालत आले, घाई नव्हती. वाटेत पडलेली एक शिवळ त्यांनी वाकून उचलली. अंगावर मघाचा गुलाल तसाच होता.

"छकड्यावर तू हुतास," ते हणमंताला म्हणाले. "मी नव्हतो. तुला दिसलं न्हाई?"

हणमंतानं त्यांच्याकडे वर बघितलं.

"ट्रॅक्टर गेला त्येचं न्हाई. माझ्या अंगावर गुलाल टाकून घेतला मी, साऱ्या मैदानाफुडं. तुला दिसलं न्हाई?"

आणि त्यांनी त्या वर बघणाऱ्या तोंडावर शिवळ मारली. एकदाच.

नंतरचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. कॅमेऱ्याचा ट्रायपॉड माझ्या हातात कसा आला ते आठवत नाही, पण त्याचा लोखंडी पाय बाजीअण्णांच्या गुडघ्यावर बसला तो आवाज आठवतो. ते पडले. मी परत मारलं. मला त्यांना मारून टाकायचं होतं. गुलाबभाईंनी मागून मला कवळा घातला आणि "बाई, बाई" करत ओढून नेलं. त्यांनी ओढलं नसतं तर मी आज ही गोष्ट जेलमधून सांगत असते, आणि मला त्याचं फारसं वाईट वाटलं नसतं. पोलीस आले, केस झाली. बाजीअण्णा आजही लंगडत चालतात. ते बघितलं की मला जेवण गोड लागतं.

हणमंताला सांगलीला मोठ्या दवाखान्यात हलवलं. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या की हात जुळेल, डावा डोळा काढावा लागला. त्यांनी ते हळू आवाजात सांगितलं, म्हणून मला परत विचारावं लागलं.

धनाजी शेजारी बाकावर बसला होता. बोटांना प्लास्टर, नाक सुजून डोळ्यांपर्यंत आलेलं.

"नेमिनाथचं दुकान इथनं जवळच आहे," तो म्हणाला. "प्रोसेसर घेऊन येतो. आत्ताच जाऊन येतो."

कॅमेरा फुटलेला, टेंपोची काच फुटलेली, आणि हा माणूस प्रोसेसर आणायला निघाला होता. तो खरोखर उठून उभा राहिला. मी त्याच्या थोबाडीत मारली. मग त्याच्या सुजलेल्या तोंडावर आपण मारलं हे माझ्या लक्षात आलं आणि मी त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडले. तोही रडला. त्याला मी कधीही म्हटलं नाही की बघ, मी सांगत होते. म्हणायची गरजच उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी हणमंत शुद्धीवर आला. अर्ध्या तोंडाला पट्ट्या, बोलताना ओठ ओढल्यासारखे व्हायचे. मी चमच्यानं पाणी पाजत होते. डोळ्याचं त्याला सांगून झालं होतं. त्यानं ते ऐकून फक्त "हं" म्हटलं होतं.

"अण्णांना काहीतरी सांगायचं होतंस," मी म्हटलं. "धुळीत दिसलं नाही म्हणायचंस. गप्प का बसलास?"

"दिसलं हुतं की."

मला वाटलं, औषधाच्या गुंगीत आहे.

"काळ्याचं नाक फुडं गेलं ते मला छकड्यावरनंच दिसलं," तो म्हणाला. "आपुन हारलो म्हणून तर मी जोडी सोडाय लागलो हुतो."

मी चमचा खाली ठेवला. "मग सांगितलं का नाहीस? ते तुला उचलत होते तेव्हा का नाही बोललास?"

तो दमला होता. थोडा वेळ त्यानं उरलेला डोळा मिटला, मग उघडला आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"पडद्यावर तू दावलंस की आपुन जिकलो," तो म्हणाला. "म्हटलं, आक्काचं कसं चुकंल. माझंच डोळं खोटं बोलाय लागल्यात."